साठवता येतंय पण स्वतःवर खर्चच करता येत नाही, काय करू?

काजवा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा उलटा आहे त्यामुळे हसू नका. सगळे विचारतात पैसे साठवायचे कसे, माझं ते जमतंय. नोकरीला दहा वर्षं झाली, कर्ज एकही नाही, हातात येणाऱ्या पगारातला ४५ टक्के भाग पहिल्याच दिवशी बाजूला जातो, आणि उद्या नोकरी गेली तरी सव्वा वर्ष घर चालेल एवढी रक्कम वेगळी ठेवलीय. घोडं पुढे अडतं, स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की हात आखडतो.

उदाहरण देते. माझ्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू दोन वर्षांपूर्वी पडला, तिथे मी एक बारीक टाचणी घालून वाकवलीय. काचांवर इतके ओरखडे आहेत की रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. नवीन चष्मा परवडत नाही असं अजिबात नाही. फ्रेम कार्टमध्ये टाकते, दोन दिवस ठेवते, मग हा चालतोय की अजून म्हणून काढून टाकते, आणि काढल्यावर चक्क बरं वाटतं, काहीतरी कमावल्यासारखं! आणि गंमत म्हणजे गेल्या महिन्यात भावाला चांगले हेडफोन हवे होते तर ते मी पाच मिनिटांत ऑर्डर केले, दुसरीकडे किंमत पण बघितली नाही.

लहानपणी घरात पैशाची ओढाताण होती, आई पै न पैचा हिशेब लिहायची, ते अंगात भिनलं असेल. आईला नावं ठेवत नाहीये, त्या वहीमुळेच आम्ही दोघं शिकलो. पण परवा मैत्रिणीने विचारलं, तू साठवतेस ते नक्की कशासाठी, तर मला उत्तरच देता येईना. "असावेत" एवढंच सुचलं.

दुसऱ्या बाजूने भीती पण आहे. ऑफिसात एक जण आहे, पगार झाला की पंधरा दिवसांत खडखडाट, मग ज्याच्या त्याच्याकडे उसने मागत फिरतो. एकदा हात सैल सोडला की आपणही तसेच होऊ असं वाटत राहतं. तुम्ही लोक कसं जुळवता हे? टक्के ठरवता का मनाला येईल तसं?

पायमोजा

बाकी चर्चा नंतर, डोळ्यापासून दोन बोटांवर टाचणी?? आधी ती काढा.

रकाना क

टक्क्यांचं विचारलंत म्हणून लिहितो. ५०-३०-२० तुम्ही ऐकलं असेलच, एलिझाबेथ वॉरन (त्या पुढे अमेरिकेत सिनेटर झाल्या) आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी या दोघींनी २००५ मध्ये ते लोकांपुढे मांडलं. कर वजा जाऊन हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला आणि कर्ज फेडायला. लोकांना त्यातला २० चा आकडा तेवढा पाठ असतो, पण ३० पण त्यांनीच लिहिलाय हे कोणी सांगत नाही. हौसेला रीतसर रकाना दिलाय, उरलं तर करा असं नाही म्हटलेलं.

अर्थात हे काही दगडावर कोरलेलं नाहीये. ज्याचा अर्धा पगार नुसत्या भाड्यात जातो त्याने ५०-३०-२० घेऊन काय करायचं, आणि ज्याच्यावर महागड्या व्याजाचं कर्ज आहे त्याने ३० कशाला उडवायचे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे बरोबरच, पण तुमचं अंथरूण चांगलं लांबरुंद आहे आणि तुम्ही पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात झोपताय असं मला दिसतंय.

आता प्रश्न असा की ४५ बाजूला गेल्यावर उरतात ५५, त्यातले स्वतःवर किती जातात? अंदाज नको, वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि मोजा. आणि अजून एक, सव्वा वर्षाची रक्कम म्हणालात. अडीअडचणीसाठी साधारण तीन ते सहा महिन्यांचा खर्च ठेवा असं सांगतात, कमाई बेभरवशाची असेल तर त्याहून जास्त. तुमचे पंधरा महिने होतात. ते सगळे नुसते पडून असतील तर तेही फुकट नाही हां, महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे बारा वर्षांत त्या पैशाची ताकद निम्मी. म्हणजे जिथे धोका नाही असं वाटतंय तिथेही तुम्ही काहीतरी गमावताच आहात, फक्त ते दिसत नाही.

उशिरा सुचलेलं

काजवा, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

मला कॉलेजात असल्यापासून गिटार शिकायची होती. पहिली नोकरी लागली तेव्हा ठरवलं की जरा स्थिरस्थावर होऊ मग घेऊ. मग घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, मग म्हटलं आता एवढं थांबलोय तर रिटायर झाल्यावर निवांत शिकू, वेळच वेळ असेल. दरवर्षी पैसे होते बरं का, नव्हते असं एकही वर्ष नाही. ६१ व्या वर्षी गिटार घेतली, आणि चांगली घेतली, शिकवणारा मुलगाही छान आहे, पण डाव्या हाताच्या अनामिकेने तार दाबली की कोपरापर्यंत कळ जाते. डॉक्टर म्हणाले सांधे झिजलेत. आता मी तीन बोटांनी जमेल तेवढं वाजवतो आणि मुलगा कौतुक करतो, त्याला दुसरं काय करता येणार.

रडगाणं गातोय असं समजू नकोस, मजेत आहे मी. फक्त हिशेबातली एक चूक दाखवतोय. मी धरून चाललो होतो की पैसा आज नाही वापरला तर उद्या वापरता येईल, आणि ते खरंच आहे. पण मी बोटंही तशीच धरली होती. पैशाला व्याज लागतं, बोटांना उलटं लागतं. तेव्हा तुला हव्या असलेल्या गोष्टींची यादी केलीस तर किमतीच्या क्रमाने नको करू, कुठली गोष्ट पन्नाशीतही तशीच करता येईल आणि कुठली नाही त्या क्रमाने कर. एखादं चांगलं कपाट दहा वर्षांनी घेतलं तरी चालतं. डोंगर चढायचा असेल तर नाही.

खडखडाट

मी ती ऑफिसातली पंधरा दिवसवाली 🙋 म्हणजे तुमच्या ऑफिसातली नाही पण जात तीच, नाव मुद्दाम ठेवलंय.

सगळे हिला खर्च कर खर्च कर सांगतायत म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझ्याकडे "स्वतःवर खर्च" हा शब्द नव्हता, निमित्त होतं. आठवडा वाईट गेला, घ्या काहीतरी, आठवडा चांगला गेला, मग तर घ्याच. क्रेडिट कार्डाचं बिल आलं की त्यावर कमीत कमी भरायची रक्कम लिहिलेली असते ना, मी तेवढीच भरायचे आणि मला वाटायचं मी बिल भरलं. कोणीतरी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कळलं, महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ वाटतात, पण व्याजावर व्याज चढत जाऊन ते ४२ च्या पुढे जातं आणि काहीच फेडलं नाही तर दोन वर्षांत देणं दुप्पट. ज्या दिवशी शेवटचा हप्ता फेडला त्या दिवशी कपाट आवरायला काढलं तर तीन खोके निघाले जे मी उघडलेसुद्धा नव्हते. एकात तर काय असेल ते मला बाहेरून आठवेना.

पण काजवा तू माझ्यासारखी होशील ही भीती मला पटत नाही. मला विकत घेताना काहीच वाटायचं नाही, बिल आल्यावर वाटायचं. तुला कार्टमध्ये टाकल्याटाकल्याच वाटायला लागतं. दोघींचा आजार वेगळा आहे, औषध एकच कसं चालेल. मला "४८ तास थांब" हा नियम कामाला आला, तू तो नियम अजिबात वापरू नकोस, तू ऑलरेडी दोन वर्षं थांबलीयस.

शेपूटवाक्य

खडखडाट यांनी जे लिहिलंय ते तंतोतंत असंच अभ्यासातही सापडलंय. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांचा २००८ चा पेपर आहे, चिक्कू आणि उधळे यांच्यावर. त्यात मला आवडलेला फरक म्हणजे काटकसरी माणूस आणि चिक्कू माणूस हे एकच नाहीत. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद मिळतो. चिक्कू माणसाला पैसे देताना दुखतं, आणि ते इतकं आधीच दुखतं की त्याला स्वतःला जेवढा खर्च करावासा वाटतो तेवढाही तो करत नाही. कार्टमधून काढल्यावर बरं वाटतं म्हणालात ना, ते कमावल्याचं सुख नसून दुखणं थांबल्याचं सुख असण्याची शक्यता जास्त. दात ठणकायचा थांबला की वाटतं तसं. (चिक्कू म्हटलं म्हणून सॉरी, मी स्वतः त्यातलाच, माझ्या चार्जरच्या वायरीला चार रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत.)

दुसरं, रॅन किवेट्झ आणि अनात कायनान यांनी २००६ मध्ये पश्चात्तापावर काम केलं. मजा केली याची टोचणी सुरुवातीला जोरात असते पण काळ जाईल तशी विरते, आणि मजा केली नाही याची हुरहुर उलट वाढत जाते. म्हणजे चष्मा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाईट वाटणारच आहे, ते गृहीत धरा. त्यावरून निर्णय चुकला असं ठरवू नका.

काजवा

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना एकत्रच लिहिते.

रकाना क, तुमचं ऐकून रविवारी वर्षभराचं स्टेटमेंट काढलं आणि रंगवलं. घरखर्च पिवळा, दुसऱ्यांसाठी निळा, फक्त माझ्यासाठी हिरवा. पिवळं भरपूर, निळं पण बरंच निघालं, हिरवं शोधायला स्क्रोल करत बसावं लागलं. पगाराच्या दोन टक्केसुद्धा भरत नाही. आणि त्यातही एक नोंद छत्रीची, ती हिरवी धरायची का पिवळी यावर मी पाच मिनिटं विचार करत होते, म्हणजे बघा.

काका, तुमचं वाचून काय लिहावं कळलं नाही. यादी करायला बसले. दोनच गोष्टी निघाल्या ज्या पुढे ढकलता येणार नाहीत, एक म्हणजे पोहायला शिकणं आणि दुसरी आईला घेऊन लांबचा प्रवास. दुसरीतही आई आहेच म्हणा.

शेपूटवाक्य, चिक्कू चालेल, खरंच आहे ते. पण मग करायचं काय? दुखतं हे कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतंय.

रकाना क

मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत जा, मला वाटतं गाठ तिथेच आहे. "असावेत" याला अंत नाही. किती असावेत? आकडा नसेल तर कितीही साठले तरी कमीच, आणि मग चष्म्यासारखी प्रत्येक वस्तू त्या न संपणाऱ्या ढिगातून चोरल्यासारखी वाटते. साठवलेल्या पैशाला नावं द्या. हा नोकरी गेली तर, हा म्हातारपणाचा, हा आईच्या आजारपणाचा, हा प्रवासाचा. प्रत्येकापुढे आकडा. एखादा रकाना भरला की भरला, त्यात टाकणं बंद, ते पैसे पुढच्या रकान्यात. तुमचा नोकरी गेली तर हा रकाना माझ्या मते कधीच भरलाय आणि तुम्ही सवयीने त्यातच ओतताय.

पैसा एकच असला तरी डोक्यात आपण त्याची वेगवेगळी खाती करतो, यावर रिचर्ड थेलर यांनी बरंच लिहिलंय, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना. लोक या खात्यांमुळे चुका करतात हे खरं, पण तुमच्यासारख्याला त्याचाच फायदा करून घेता येतो. एक वेगळं खातं उघडा, पगाराच्या दिवशी त्यात ५ टक्के आपोआप जाऊ देत, आणि ते पैसे संपवायचेच. त्यातून बचत करायला बंदी. वर्षाअखेरीस त्यात शिल्लक राहिली तर नापास.

खडखडाट

शिल्लक राहिली तर नापास हे मला मान्य नाही. संपवायचंच म्हटलं की ३० तारखेला माणूस काहीतरी भंगार घेऊन मोकळा होतो, मी हे केलंय, म्हणून तर तीन खोके. साठू देत की त्यात, चार महिन्यांचं मिळून पोहण्याचा चांगला क्लास लावता येईल. फक्त त्या खात्यातून परत बचतीत जाणारा रस्ता बंद हवा.

रकाना क

हे माझ्यापेक्षा बरं आहे. पण एवढं करा की सहा महिन्यांत एकदा तरी हात लागलाच पाहिजे, नाहीतर ही बाई त्यात पण सव्वा वर्षाची रक्कम करेल 😄

आणि हात सैल सुटेल ही भीती असेल तर आत्ताच्या ४५ ला हातच लावू नका, पुढच्या पगारवाढीपासून सुरू करा. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांची एक योजना होती, लोकांना बचत जमत नव्हती तर त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं की पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला वाटा बचतीत जाईल. पहिल्या कंपनीत ज्यांनी ती घेतली त्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. कारण जो पैसा अजून हातात आलाच नाही त्याचा वाटा ठरवताना जिवावर येत नाही. तुम्ही तेच उलटं वापरा, वाढीतला अर्धा हिरव्याला. चष्म्यासाठी मात्र पगारवाढीची वाट बघू नका प्लीज.

उशिरा सुचलेलं

चष्मा हिरव्यात का धरताय तुम्ही लोक? तो पिवळा आहे. डोळे घरखर्चात येतात.

पायमोजा

काका +१. आणि टाचणीचं काय झालं ते कोणी विचारतच नाहीये.

काजवा

टाचणी निघाली. सांगते.

काकांचं पिवळ्याचं वाक्य वाचलं आणि काय झालं माहीत नाही, पण पिवळं म्हटल्यावर तितकंसं दुखलं नाही. शनिवारी गेले. म्हटलं फ्रेमच बदलायची आहे, तर तिथल्या मुलीने विचारलं, शेवटचं डोळे कधी तपासले होते, मी आठवत बसले आणि तिनेच खुर्ची ओढली. दोन्ही डोळ्यांचा नंबर बदललाय. म्हणजे ऑफिसात शीट १२५ टक्के झूम करून बघायचे, मला वाटायचं स्क्रीन खराब आहे. मी नव्या मॉनिटरसाठी अर्ज पण केला होता, कंपनीच्या पैशाने 🙈

मग फ्रेम निवडायची वेळ आली. दोन राहिल्या, एक मला खरंच आवडलेली आणि एक तिच्यापेक्षा स्वस्त, बरी दिसणारी. आणि मी स्वस्तवाली उचलली. काउंटरपर्यंत नेली. मग मी हिशेब केला, चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नाकावर असतो, समजा तीन वर्षं वापरला तर हजाराच्या वर दिवस होतात, दोन फ्रेममधला फरक भागिले हजार, तर जे काही उरलं ते एवढंसं होतं की मलाच हसू आलं. परत गेले आणि आवडलेली घेतली. पैसे देताना पोटात गोळा आलाच, शेपूटवाक्य, तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून मी त्याला म्हटलं ये बस.

संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरचे दिवे नुसते दिवे दिसत होते. एकेक, टोकदार.

नवीन खातं उघडलंय, ३ टक्क्यांनी सुरुवात, ५ माझ्याने होईना. नोकरी गेली तर या रकान्यात टाकणं बंद केलंय, ते आता प्रवासात जातं. आईला अजून सांगितलं नाहीये, ती पहिला प्रश्न विचारेल केवढ्याला.

पोहण्याच्या क्लासचं पान उघडून बंद केलं. दोनदा.

खडखडाट

तिसऱ्यांदा उघडशील तेव्हा मला सांग, मी पण लावते. माझ्याकडे पोहण्याचा गॉगल आहे. दुसऱ्या खोक्यात तोच निघाला होता.